कात्रजच्या बारचं सामान

॥ श्री ॥

सदाशिव पेठ, पुणे
१२ जानेवारी १९८६

ती. दादास उल्काचा सा. न. वि. वि.

तिळगुळाचं पार्सल काल टाकलं. हलवा घरचाच आहे, पण काटा आलेला नाही. वहिनीने नावं ठेवण्याआधी तिला हे सांगून ठेव.

आता मुख्य बातमी. आपला धाकटा भाऊ दारूचं दुकान काढतो आहे. नागपुरापर्यंत ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तोंडून पोचण्याआधी माझ्याकडून कळलेली बरी. 'परमिट रूम आणि बार' असा फलक रंगवायलाही दिला आहे. जागा कात्रजला, सातारा रस्त्याला लागून. जागा आणि परवाना हिंदुरावाचा, मेहनत आणि माहिती श्यामची, नफा निम्मा निम्मा. हिंदुराव तुला आठवत असेल. शाळेत श्यामच्या वर्गात होता, कात्रजहून सायकलवर यायचा आणि डबा आणलेला असला तरी आई त्याला घरी जेवायला वाढायची.

मुंबईच्या हॉटेलात अकरा वर्षं ज्याने दारू ओतली तो दुसरं काय काढणार, असं आमचे हे म्हणतात. मलाही धंद्याचं एवढं वाटत नाही. मुंबई सोडून आल्यापासून वर्षभर तो आमच्या पुढच्या खोलीत छताकडे बघत पडलेला असायचा, निदान उठून बाहेर तरी पडला. पण त्याचा भागीदार मला सरळ दिसत नाही.

कारण सांगते. श्यामने बसून सगळ्या सामानाचा विचार केला होता. खूप दिवसांनी त्याचा चेहरा उजळलेला पाहिला. आधी चांगला डीप फ्रीजर, मग बर्फ पाडायचं छोटं यंत्र, ग्लास धुवायला दोन कप्प्यांचं सिंक, मग ग्लास, मग मापं, खुर्च्या-टेबलं सगळ्यात शेवटी. लोक खुर्चीसाठी येत नाहीत, असं तो म्हणाला. हिंदुरावाने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पहिली खरेदी कशाची केली, तर लोखंडी जाळीच्या कपाटाची. माणूस उभा मावेल एवढं कपाट, त्याला दोन कड्या आणि दोन कुलपं. किल्ल्या त्याच्या आईच्या, बायडाबाईंच्या, कमरेला. दुकानात अजून बाटली नाही, ग्लास नाही, आणि कुलूप मात्र आहे. बर्फाचं यंत्र रद्द केलं, बर्फ लादीचा आणू म्हणाला.

श्यामला विचारलं, तर तो हसतो आणि म्हणतो की हिंद्या जुन्या वळणाचा आहे. बँकेच्या कर्जाला तू जामीन राहिला आहेस म्हणून तुला कळवते. मला काहीतरी शिजतंय असं वाटतं.

मुलांना पापे. पूर्वीसारखंच लक्ष ठेव.

तुझी
उल्का


॥ श्री ॥

धरमपेठ, नागपूर
१९ जानेवारी १९८६

चि. सौ. उल्का हिस दिगंबरचे अनेक आशीर्वाद.

हलवा पोचला. वहिनीने चव घेऊन काहीच म्हटलं नाही, म्हणजे आवडला असं समज.

जामिनावर सही करताना श्यामने मला 'उपाहारगृह' असं सांगितलं होतं. उपाहारात काय मिळणार हे विचारायचं राहिलं. असो. सही केली ती केली.

तीस वर्षं मी सरकारी भांडारं तपासतो आहे. माझा अनुभव असा की जिथे माल येण्याआधी कुलूप येतं, तिथे मालाचं काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. दारूत तर हे फार सोपं आहे. उंची बाटलीत हलकी दारू भरायची, नाहीतर पाणी. श्यामसारख्या जाणत्या माणसाला ते एका घोटात कळेल. म्हणून त्याला कपाटापासून लांब ठेवायचं. उद्या धाड पडली तर काउंटरमागे उभा असलेला सापडेल श्याम, आणि किल्ली सापडेल एका म्हातारीच्या कमरेला, जिला काही विचारता येत नाही. योजना वाईट नाही.

तू स्वतः कात्रजला जाऊन ये. स्वारगेटहून बस आहे. काही न बोलता सगळं बघ. काउंटर कुठे आहे, साठवणीच्या खोलीला दारं किती, कोण कुठे बसणार, गल्ला कुणाकडे. आणि एक गोष्ट मला आजवर कुणी धड सांगितलेली नाही. श्यामने मुंबईची एवढी चांगली नोकरी का सोडली? मालक बदलला हे मला माहीत आहे. मालक बदलला म्हणून इतर किती जणांनी सोडली?

यजमानांना नमस्कार. प्रकृतीस जप आणि उत्तर लवकर दे.

तुझा
दादा


॥ श्री ॥

सदाशिव पेठ, पुणे
२ फेब्रुवारी १९८६

ती. दादास उल्काचा सा. न. वि. वि.

कात्रजला जाऊन आले. रविवार होता, म्हणून श्यामला म्हटलं मलाही दाखव तुझा दरबार. सांगितल्याप्रमाणे फार बोलले नाही. ते मला किती जड गेलं असेल तुला ठाऊक आहे.

जागा म्हणजे त्यांची जुनी कांद्याची वखार. चुना दिलाय, फरशी नवी घातली आहे. हिंदुराव पुढे होऊन, या ताई, बसा ताई, करत होता. त्याच्या बायकोने, मैनावहिनींनी, चहा आणि शेंगदाण्याची चटणी-भाकरी दिली. आदर फार आहे. तेवढ्यानेच मी सावध झाले.

तू विचारलं होतंस ते सांगते. काउंटर श्यामला मागच्या भिंतीशी हवा होता, म्हणजे गिऱ्हाइकाला आत यावंसं वाटतं. तो हिंदुरावाने दाराजवळ आणला आहे, अगदी रस्त्यावरून दिसेल असा. श्यामने बाटल्यांच्या मागे आरसा सांगितला होता. मोठ्या हॉटेलात तसा असतो, बाटल्या दुप्पट दिसतात. आरसा आणलाय, पण लावलाय बाजूच्या भिंतीवर, तिरका. मी गल्ल्याच्या खुर्चीत बसून पाहिलं. तिथून काउंटरच्या मागचा माणूस पायापर्यंत दिसतो. गल्ल्यावर बसणार हिंदुराव. साठवणीच्या खोलीला मागे दार होतं, ते विटा लावून बुजवलं आहे.

मापांचं ऐक. बर्फाच्या यंत्राला ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याने मुंबईहून महागातली मापं मागवली आहेत. बाटली भिंतीवर उलटी टांगायची, तिच्या तोंडाशी काचेचं एक नळकांडं बसवायचं. खालून ग्लासाने दाबलं की एक पेग पडतो, वर थेंब नाही. श्यामने मला पाणी भरून दाखवलं. म्हणाला, मुंबईत मी डोळ्यांनी मोजून ओतायचो, कधी चूक नाही, हिंद्याला पटत नाही. हे म्हणताना तो हसला, पण कान लाल झाले होते. आपल्या भावाचा हातच नको, असं त्या माणसाने यंत्र लावून सांगितलं आहे, आणि हा हसतो.

काउंटरच्या समोर एक बाकडं आहे. ते कुणासाठी, तर बायडाबाईंसाठी. त्या रोज संध्याकाळी तिथे बसणार. मी विचारलं, इथे बसून तुम्ही काय करणार? म्हणाल्या, बघत बसंल. समोर मिश्री लावत म्हातारी बसली असताना कोण सुखाने पिणार आहे ते मला कळत नाही. गिऱ्हाईक जाईल, पण पहारा राहील.

श्यामने वर माळ्यावर खाट टाकू देण्याची विनंती केली होती, रोजचं येणं-जाणं नको म्हणून. हिंदुराव नाही म्हणाला. रोज संध्याकाळी आपल्या मोटरसायकलवरून तो त्याला पेठेत आणून सोडतो. मी परवा खिडकीतून पाहिलं. फाटकाशी थांबून हिंदुरावाने तोंड श्यामच्या तोंडाजवळ नेलं, अगदी गालाला गाल, आणि काहीतरी पुटपुटला. श्यामने मान खाली घातली. काय धमकी दिली देव जाणे. मग हा वर येऊन पुढच्या खोलीतला दिवा लावेपर्यंत तो खालीच उभा.

निघताना मैनावहिनी माझा हात धरून म्हणाल्या, आमचं माणूस तुमच्या भावाला लई जपतंय, ताई. मी म्हटलं, दिसतंय.

मुंबईचं मी विचारलं होतं. आता कशाला ते, म्हणाला आणि अंघोळीला गेला. जास्त ताणलं नाही.

काय करायचं ते तूच ठरव. मी श्यामसमोर काही बोलले की तो जेवत नाही.

तुझी माया आहेच, ती अशीच असू दे.

उल्का


धरमपेठ, नागपूर
८ फेब्रुवारी १९८६

श्री. हिंदुराव यांस दिगंबर लवाटे यांचा नमस्कार, वि. वि.

आपली माझी ओळख आपण अर्ध्या चड्डीत असतानाची आहे, म्हणून आधी स्नेहाने लिहितो.

आपल्या नियोजित व्यवसायाची यंत्रसामग्री ज्या कर्जातून आली त्याला मी जामीन आहे. माझे बंधू चि. श्याम हे त्यात समान भागीदार आहेत. समान भागीदाराला मालाच्या कपाटाची किल्ली नसावी, त्याने ओतलेल्या मापावर विश्वास नसावा, त्याच्या पाठीवर आरसा लावावा आणि संध्याकाळी त्याला घरापर्यंत पोचवून त्याच्यावर दिवा लागेपर्यंत पाळत ठेवावी, याचा अर्थ मला लावता येत नाही. एक अर्थ लावता येतो, पण तो लिहिण्यासारखा नाही.

तरी आपण खालीलप्रमाणे करावे ही विनंती. दोन्ही कुलपांच्या किल्ल्यांचा एक जोड श्यामच्या स्वाधीन करावा. त्याला साठवणीच्या खोलीत कोणत्याही वेळी, एकट्याने, जाता यावे. माळ्यावर त्याची राहण्याची सोय करावी. हे फेब्रुवारीअखेर न झाल्यास मी जामीनकी काढून घेत असल्याचे बँकेस कळवीन, आणि मग आपले उद्घाटन कसे होते ते आपण पाहालच.

मातोश्रींना नमस्कार सांगावा. आपल्याकडून सरळ उत्तराची अपेक्षा ठेवतो.

आपला
दि. वा. लवाटे


॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

मु. पो. कात्रज
१५ फेब्रुवारी १९८६

माननीय दादासाहेब यांस हिंदुरावचा रामराम.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुम्ही मोठे, तुमचा शब्द मोडायचा न्हाई. पर एक मागणं हाय. किल्ली द्यायच्या आधी तुम्ही एकदा पुण्याला येऊन जा. गाडीभाडं माझ्याकडून. तुमच्याशी तासभर बोलायचं हाय आणि ते कागदावर लिहिण्याजोगं न्हाई. मी एका माणसाला शब्द दिला हाय की लिहून न्हाई, सांगून न्हाई, कुणाला कळू द्यायचं न्हाई. तुम्ही समोर बसला तर माझं तोंड बघून तुम्हाला कळंल, मग माझा शब्द मोडला असं होणार न्हाई.

तुम्हाला जमत नसंल तर ताईंना पाठवू नका. त्यांच्यासमोर मला जमायचं न्हाई.

महिनाअखेरपर्यंत वाट बघतो. तुम्ही आला न्हाई तर तुम्ही म्हणता तसं करतो. आईचा आशीर्वाद, मैनाचा नमस्कार. थोरल्या भावासारखी माया असू द्या.

हिंदुराव


॥ श्री ॥

नागपूर
२१ फेब्रुवारी १९८६

चि. सौ. उल्का हिस अनेक आशीर्वाद.

सोबत हिंदुरावाचं पत्र पाठवतो. वाचून जपून ठेव, उद्या लागेल.

लेखी विचारलं की माणूस कसा जागेवर येतो ते बघ. सगळ्या अटी मान्य. फक्त मी तिकडे जाऊन एक तास त्याच्यासमोर बसायचं, तेही साक्षीला कुणी नसताना, आणि त्याने लिहायचं काही नाही. अशा तासात काय होतं ते मी नोकरीत पुष्कळ पाहिलं आहे. समोरचा पाकीट सरकवतो, आणि आपण घेतलं नाही तरी त्याने सरकवलं हे पुढे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं. शिवाय मार्चअखेर जवळ आली आहे, रजा नाही. मी जाणार नाही.

'एका माणसाला शब्द दिला' हे वाक्य तुला कसं वाटतं? मला तो माणूस म्हणजे ज्याच्याकडून हलका माल येणार आहे तो वाटतो.

महिनाअखेर किल्ली मिळाली की श्यामला मला लिहायला सांग. त्याच्या अक्षराची दोन वर्षांत ओळ पाहिली नाही.

काळजी करू नकोस. मी आहे.

दादा


कात्रज

प्रिय दादा,

सा. न. आणि खूप खूप आभार.

तुझ्यामुळे किल्ली मिळाली. हिंद्याने हातात ठेवली तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. तू काय लिहिलंस ते त्याने मला दाखवलं नाही, पण तुझं अक्षर पाकिटावर ओळखलं. माळ्यावर खाटही टाकली. आता जायला-यायला नको, सगळा वेळ कामाला.

उल्का म्हणाली तुला लिही, म्हणून सामानाचं सविस्तर लिहितो. तुला हिशोब आवडतो, मला सामान. फ्रीजर उभा न घेता आडवा घेतला. झाकण वरून उघडलं की गार हवा आतच राहते. रविवार पेठेत बोहरी आळीत दोन दिवस घालवून ग्लास निवडले. ग्लास कसा घ्यायचा माहीत आहे? बूड जड पाहिजे, कड पातळ पाहिजे, आणि नखाने वाजवला की आवाज थोडा वेळ राहिला पाहिजे. लगेच मेला तर काच कच्ची, गरम पाण्यात तडकणार. दुकानदार वैतागला, मी दहा डझन वाजवून घेतले. बर्फाचं यंत्र नाही तर नाही, लादी फोडायला चांगला टोच्या आणि लाकडी मोगरी घेतली. तुकडा मोठा ठेवायचा, चुरा झाला की पेय पाणचट होतं आणि गिऱ्हाईक आपल्यावर संशय घेतं. लिंबू कापायला वेगळी सुरी, वेगळा पाट. कांदा कापलेल्या सुरीने लिंबू कापलं की सगळं गेलं.

माल आला आहे. नमुने चाखून पाहिले. समोरच्याला द्यायचं तर आधी आपल्याला कळायला हवं ना. माल चांगला आहे, अस्सल आहे, तुझी शंका उल्काने सांगितली, तसं काही नाही. आज पुन्हा दोन बघितले. हिंद्याची आई बाकड्यावर बसून बघत असते. मी तिला म्हटलं, आजी, हे कामाचं आहे.

उद्घाटन पाडव्याला ठरलं होतं, पुढे ढकलू म्हणतो. घाई कशाला.

ग्लासाचं सांगायचं राहिलं. ग्लास कसा घ्यायचा माहीत आहे? बूड जड, कड पातळ, आणि वाजवला की आवाज राहिला पाहिजे. तू येशील तेव्हा दाखवतो. वहिनीला नमस्कार. तू माझ्या बाजूने उभा राहिलास हे मी विसरणार नाही दादा, कधी नाही.

श्याम


॥ श्री ॥

सदाशिव पेठ, पुणे
२५ मार्च १९८६

ती. दादास उल्काचा सा. न.

तार मिळालीच असेल. आज जरा बसता येतंय म्हणून लिहिते. श्याम शुद्धीवर आहे. डॉक्टर म्हणतात, आता जिवाला धोका नाही. हात इतके थरथरतात की पेला धरता येत नाही. मधूनच भिंतीवर काहीतरी चालतंय असं म्हणतो.

झालं ते असं. गुरुवारी सकाळी बायडाबाईंनी साठवणीच्या खोलीचं दार वाजवलं, ते आतून लावलेलं होतं. मागचं दार बुजवलेलं. हिंदुरावाने पहारीने कडी तोडली. श्याम कपाटासमोर पालथा पडला होता, डोकं फुटलेलं, आजूबाजूला बाटल्या. टेंपोत घालून त्यांनी इस्पितळात आणलं. मैनावहिनींनी त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. मी पोचले तेव्हा त्यांच्या लुगड्याला रक्त होतं, आणि मला वाटलं, यांनीच काही केलं. हे तुला लिहिते, कारण तेवढा वेळ मी खरंच तसं समजत होते. मी हिंदुरावाला सगळ्यांसमोर बोलले. पोलिसांत देते म्हणाले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे किती वर्षांपासून पितात? मी म्हटलं, आमच्या घरात कुणी पीत नाही.

डॉक्टर म्हणाले, याच्या आधी एकदा असं झालंय का? मी नाही म्हणत होते आणि मागून हिंदुराव म्हणाला, झालंय, दीड वर्षापूर्वी, मुंबईला. मी होतो.

दादा, मालक बदलला नव्हता. श्यामला काढला होता. त्याने तुला शेवटचं लिहिलेलं पत्र मला आता वाचायला पाठव. त्यात काय आहे ते मला बघायचं आहे.

हिंदुरावाला मी माफी कशी मागू ते मला कळत नाही. तो रोज डबा घेऊन येतो आणि माझ्यासाठीही आणतो.

उल्का


॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

कात्रज
२७ मार्च १९८६

माननीय दादासाहेबांस हिंदुरावचा रामराम.

ताई म्हणाल्या, आता तुम्हीच दादाला लिहा. श्यामनं पण मान हलवली. म्हणून लिहितो. आता शब्द मोडल्याचं पाप न्हाई.

दीड वर्षाखाली मुंबईहून त्याच्या एका सोबत्याचा निरोप आला, तुमचा मित्र फुटपाथवर हाय, घेऊन जा. मी गेलो. तीन आठवडे तिथल्या दवाखान्यात त्याच्याजवळ राहिलो. तवा त्यानं माझा हात त्याच्या डोक्यावर ठेवून घेतला, दादा आणि उल्काला कळलं तर मी जीव देईन. मी कबूल झालो. चूक झाली का बरोबर, मला अजून कळत न्हाई.

तुम्ही म्हणाल, मग अशा माणसाला घेऊन बार का काढला? मी त्याला म्हटलं होतं, रसवंती काढू, खानावळ काढू. त्याला दोन ठिकाणी कारकुनीला पण लावून दिला. टिकला न्हाई. मग एक दिवस म्हणाला, कॅम्पात एका बारवाल्यानं बोलावलंय, सोमवारपासून जातो. वडील होते तवाच परवान्याचा अर्ज केलेला, तो मंजूर होऊन पडला होता. मी इचार केला, हा दारूच्या दुकानात जाणारच, तर परक्याच्या कशाला, माझ्या डोळ्यासमोर उभा राहू दे. सगळं सामान मी त्या हिशोबानं निवडलं. कपाट, मापं, आरसा, काउंटर उजेडात. आई बाकड्यावर, तिच्यासमोर त्याला लाज वाटते. रोज घरी सोडताना तोंडाचा वास बघायचो. त्याला ते कळायचं. अडीच महिने एक दिवस वास आला न्हाई दादासाहेब. हे तुम्हाला सांगायला पाहिजे. अडीच महिने त्यानं सामानाला हात लावला तो फक्त पुसायला.

तुम्हाला बोलावलं ते याच्यासाठी. तुम्हाला जमलं न्हाई. किल्ली न्हाई दिली तर तुम्ही बँकेला कळवणार, दुकान मोडणार, आणि हा कॅम्पात जाणार. दिली तरी अवघड. मी दिली. दोष तुमच्या एकट्याचा न्हाई.

आता तो कुठं राहायचा ते ठरवायला या. राग नसावा, आणि असला तरी या.

हिंदुराव


॥ श्री ॥

मु. पो. कात्रज
२० एप्रिल १९८६

चि. सौ. उल्का हिस दिगंबरचे आशीर्वाद.

बसने पाऊण तासावर असलेल्या माणसाला टपालाने पत्र का, असं तुला वाटेल. कारण शेवटी आहे.

माझी रजा वाढवली. कार्यालयाला धक्का बसला असावा, तीस वर्षांत मी पहिल्यांदाच तसं केलं. हिंदुरावाच्या घरातली पुढची खोली श्यामला आणि मला दिली आहे. पहाटे तो हिंदुरावाबरोबर गोठ्यात जातो. त्याला म्हशी ओळखता येत नाहीत, त्या मात्र त्याला ओळखायला लागल्या आहेत. हातांची थरथर कमी आहे. मला त्याच्याशी काय बोलावं ते अजून सापडत नाही. त्यामुळे बहुतेक वेळ आम्ही दोघं शेंगा फोडत बसतो. खोटं कशाला लिहू, तो परसात जरा जास्त वेळ राहिला तर मी काहीतरी निमित्त काढून मागे जातो. त्याला ते कळतं. काल म्हणाला, दादा, चप्पल तरी घालून येत जा.

हिंदुरावाशी माझं बोलणं झालं. त्याला हवा होता तो तास दोन महिन्यांनी दिला. काय बोललो ते लिहीत नाही.

परवाना तो परत करतो आहे. सामान विकायचं ठरलं. आज सकाळी खेड शिवापूरकडचा एक हॉटेलवाला टेंपो घेऊन आला. नवा बार काढतो आहे, घाईत होता, आणि त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. श्यामला आम्ही घरातच थांब म्हटलं होतं. थोड्या वेळाने तो आपण होऊन वखारीत आला आणि दारात उभा राहिला.

हॉटेलवाला फ्रीजरचं झाकण उघडून काय बघायचं ते न कळून नुसता आत बघत होता. श्याम पुढे झाला. झाकणाचं रबर कसं तपासायचं ते त्याने दाखवलं, कागदाची पट्टी मध्ये धरून ओढायची, सहज निघाली तर रबर गेलं. मापं आठवड्याला गरम पाण्याने धुवा, नाहीतर आत साखर धरते आणि माप कमी पडतं, गिऱ्हाईक तुम्हाला चोर म्हणेल. सिंक तुम्हाला दोन कप्प्यांचं लागेल, एकात धुवायचं, दुसऱ्यात खळबळायचं, एकाच पाण्यात कधी नाही. काउंटर दाराजवळ ठेवू नका, आत घ्या, लोकांना आत यावंसं वाटलं पाहिजे. किती दिवसांनी मी त्याचा आवाज असा भरलेला ऐकला. मला त्याचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम.

हॉटेलवाल्याने सगळं ऐकलं आणि श्यामला म्हणाला, सामान राहू द्या, मला तुम्हीच हवे आहात. बोला काय घेता? राहायला खोली, दोन वेळचं जेवण, पगार तुम्ही सांगाल तो.

वखारीत आम्ही पाच जण होतो. हिंदुराव फरशीकडे बघत होता. मैनाबाई दारात थांबल्या. बायडाबाई बाकड्यावर. माझ्या तोंडात 'नाही' हा शब्द आला होता. तो मी गिळला. आयुष्यात माझं दुसऱ्याच्या वतीने बोलणं पुष्कळ झालं आहे.

श्यामने फ्रीजरचं झाकण लावलं. मग त्या परक्या माणसाला तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, मला घेऊ नका. मी दारुडा आहे. दोन महिने तुम्हाला माझ्यासारखा माणूस शोधून मिळणार नाही, आणि तिसऱ्या महिन्यात तुमचं दुकान माझ्या पोटात गेलेलं असेल. यांना विचारा.

तो माणूस हसला. त्याला थट्टा वाटली. मग त्याने आमचे चेहरे बघितले आणि हसू आवरलं. हिंदुराव एकदम बाहेर गेला आणि टेंपोच्या दोऱ्या सोडत बसला, त्या सोडायचं काही काम नव्हतं. श्यामने गवत मागवलं आणि ग्लास एकेक करून गुंडाळायला लागला. मीही बसलो. मला जमेना, तर त्याने कसं गुंडाळायचं ते दाखवलं.

टेंपो गेल्यावर बायडाबाईंनी जेवायला बोलावलं. तो नीट जेवला.

आता पत्राचं कारण. रविवारी तू येणार आहेस हे त्याला माहीत आहे. दुपारी माझ्याजवळ येऊन म्हणाला, दादा, आज मी जे म्हणालो ते तू उल्काला लिही. सगळं, जसं म्हणालो तसं. तिच्यासमोर मला पुन्हा म्हणायला लावू नका. परक्यासमोर जमलं, तिच्यासमोर जमायचं नाही.

म्हणून लिहिलं. तू आलीस की त्याला काही विचारू नकोस. त्याचे दोन जुने शर्ट आणि स्वेटर घेऊन ये, इथे पहाटे गारवा असतो. तुझ्या मनातला त्याच्याबद्दलचा जिव्हाळा आहे तसा ठेव, माझ्यासाठीही थोडा राहू दे.

तुझा
दादा